खळं पाहणाऱ्या मॅडम

“कुणी मोजलं?” हा शैलजा सोनवणे मॅडमचा आवडता प्रश्न. दुसरी माणसं “काय चाललंय” म्हणतात तितक्या सहज त्या तो विचारत. एकदा दोह्यातल्या आमच्या मंडळाच्या गणपतीत अध्यक्ष माइकवर म्हणाले, यंदा हजारभर माणूस जेवून गेलं. मॅडम पुढच्याच रांगेत प्रसादाचा द्रोण घेऊन बसल्या होत्या. शेजारणीला विचारावं तसं, पण मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, “कुणी मोजलं?” अध्यक्षांनी केटररकडे पाहिलं. केटरर बिचारा प्रामाणिक. म्हणाला, ताटं सहाशे आणली होती, थोडी उरलीत.

तेव्हापासून मंडळात त्यांचं नाव ‘तलाठीण’ पडलं. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाल्या, “तलाठी बांधावर जात नाही, मी जाते. तेवढा फरक ठेवा म्हणावं.”

मॅडम एका खासगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मायक्रोबायॉलॉजीच्या प्रमुख होत्या. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, माझी भाकरी अजून तिथंच आहे. मी त्यांच्या हाताखाली टेक्नॉलॉजिस्ट. बार्शीकडचा. वडील बाजार समितीत हमाल होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे मी कुणी न विचारता सांगतो, कारण ते मी कष्टानं मिळवलंय. आई गावात सांगते, पोरगं कतारला जंतूंचा हिशेब लिहितं. मी एकदा हे हसत हसत मॅडमना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, अगदी बरोबर सांगतात, आता तो हिशेब नीट लिहा म्हणजे झालं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला प्लेटसमोर उभं केलं. रुग्णाच्या लघवीतले, रक्तातले जंतू आम्ही एका चपट्या बशीत वाढवतो आणि त्यावर वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या बारक्या चकत्या ठेवतो. औषध लागू असेल तर चकतीभोवतीचे जंतू मरतात आणि स्वच्छ गोल जागा उरते. लागू नसेल तर जंतू चकतीला खेटून वाढतात. मॅडम बशी उजेडात धरून म्हणाल्या, “माने, खळं पडलंय का बघा.”

मला खळं म्हणजे मळणीचं. मी विचारलं, “ज्वारीचं का, मॅडम?”

“चंद्राला पडतं ते. पण तुमचंही चालेल. तिथंही मधली जागा सारवून स्वच्छच केलेली असते.”

त्यानंतर आमच्या लॅबमध्ये खळं हाच शब्द रूढ झाला. आमच्याकडची फिलिपिनो मुलगीसुद्धा सकाळी ओरडून सांगायची, “मॅडम, नो खळं!” लाखो रियालचं मशीन हे सगळं आपोआप करतं, तरी शंकेच्या जंतूला मॅडम हातानं चकत्या लावत. बशीचा वास घेत. वास घेऊ नये असा नियम आहे. मी तो दाखवला तर म्हणाल्या, “मीच लिहिलाय तो. तुमच्यासाठी.” हट्टी जंतूंना त्या नात्यातली नावं ठेवत. एकाला म्हणत मावसभाऊ: लग्नाला आला आणि गेलाच नाही.

राहायला त्या अल गराफाला. मिस्टर सुधीरराव इंजिनिअर, पण त्यांची कंपनी गुंडाळली गेल्यापासून घरीच होते. त्यामुळे घरातल्या तिघांचाही व्हिसा मॅडमच्या नोकरीवर. ही गोष्ट त्या कधी बोलून दाखवत नसत, सुधीररावच सांगायचे, चहा करता करता, विनोद केल्यासारखं: “आमच्या स्पॉन्सर अजून यायच्यात.” मुलगी ईरा. मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत. ती बारावीला गेली तेव्हा मॅडमनी एकदाच मला म्हटलं होतं, हे एक वर्ष नीट पार पडलं पाहिजे, माने, मधेच शाळा सोडावी लागली तर पोरीचं सगळं विस्कटेल.

संक्रांतीला त्यांनी हळदीकुंकू केलं. व्हॉट्सअ‍ॅपवर आमंत्रण आलं: वाण न्यायला या, येताना घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊन या. आमची ही म्हणाली, बाईंचं डोकं फिरलंय. पण गेली, आणि परत आली ती तास-दीड तास तेच सांगत बसली. पैठण्या नेसलेल्या बायका पर्समधून पाकिटं काढून चिवड्याच्या मोठ्या डब्यात टाकत होत्या, कुणाचं अर्धं, कुणाचं दोन गोळ्या कमी असलेलं. नाशिकच्या एका बाईंनी न फोडलेला खोकाच आणला. मुलांना सारखा घसा होतो म्हणून तिकडच्या डॉक्टरांनी भरून दिलं होतं. डबा शिगोशिग भरला. ईरा जिन्यावरून “आई, सो एम्बॅरसिंग” म्हणून खोलीत निघून गेली. मॅडम कुणालाही रागावल्या नाहीत. प्रत्येकीला तिळगूळ दिला, वाण दिलं, ओटी भरली.

दुसऱ्या दिवशी तो डबा लॅबच्या टेबलावर होता. मॅडम त्याच्याकडे बघत म्हणाल्या की या देशात चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळत नाही, दुकानातली गोळी न् गोळी नोंदवलेली असते, आणि ते आकडे चोख आहेत. पण आपल्या बॅगेत लोणचं असतं, मेतकूट असतं आणि हे असतं. हे कुठल्या रकान्यात?

मग म्हणाल्या, “गरीब घरातलं भोक दिसतं तरी. श्रीमंत घरात त्यावर गालिचा असतो. पाय आत गेल्यावरच कळतं.”

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंविरुद्ध आपण किती पुढे गेलो, याची देशोदेशी दरवर्षी प्रश्नावली भरतात. मार्क नसतात, अक्षरं असतात. शाळेच्या अगदी उलट: ‘ए’ म्हणजे काहीच नाही, ‘ई’ म्हणजे सगळं सुरळीत. आणि गंमत अशी की अक्षर ज्याचं त्यानंच स्वतःला द्यायचं. आमचं हॉस्पिटल आपल्यापुरतं अशीच एक प्रश्नावली भरून वर पाठवायचं, त्यावर सही मॅडमची. पैसेवाल्या देशाला ‘ई’ची सवय असते. आणि खोटं कशाला बोलू, बरंचसं ‘ई’ खरंही होतं. मशीनं होती, माणसं होती, दर महिन्याला बैठक व्हायची. मॅडम निमूट सही करायच्या.

मग मे महिन्यात किसन शिंदे आला.

किसन परांड्याकडचा. अल दुहैलच्या एका शाळेची बस चालवायचा, राहायला अल मन्सूराला, एका खोलीत पाच जण. तापानं फणफणलेला, गुंगीत, असा त्याला आमच्याकडे भरती केलं. जंतू लघवीतून मूत्रपिंडात आणि तिथून रक्तात उतरले होते. त्याची प्लेट मीच उघडली. चकत्यांवर चकत्या, आणि जंतू सगळ्यांना खेटून. एकाच चकतीभोवती बारीकसं खळं होतं, तेही शेवटच्या राखीव औषधाचं. मॅडमनी बशी उजेडात धरली, फिरवली, खाली ठेवली. त्या दिवशी कुठल्या मावसभावाचं नाव निघालं नाही. त्यांनी वॉर्डात फोन करून औषध बदलायला लावलं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो बोलायला लागला तेव्हा मला म्हणाल्या, चला, तुमच्या तिकडचा आहे. लॅबची माणसं सहसा वॉर्डात जात नाहीत. मॅडम स्टूल ओढून त्याच्या उशाशी बसल्या आणि माहेरी आल्यासारखी चौकशी सुरू केली. गाव कुठलं, मुलं किती, बसमध्ये पाणी पिता का. तो म्हणाला, पीत नाही. पाणी प्यालं की थांबावं लागतं, आणि पोरं गाडीत असताना थांबणार कुठं.

“मग पहिल्यांदा काय झालं?”

“उन्हाळी लागली हुती, मॅडम.”

“आमच्याकडे दाखवलं नाही?”

“दाखवलं की. दोनदा आल्तो. सिस्टरला म्हणलं, उन्हाळी लागलीय. त्यास्नी कळंना. मग म्हणलं, गर्मी. गर्मी लगी है. तवा त्या म्हणल्या, हां हां, गर्मी. आन् पाण्यात घालायच्या पुड्या दिल्या.”

मी मॅडमकडे बघितलं. त्या किसनकडेच बघत होत्या. लघवीला आग होते त्याला आपण उन्हाळी म्हणतो, हे आपल्याला आईच्या दुधाबरोबर कळतं. केरळच्या सिस्टरला ते कुठून कळणार? आणि दोह्याच्या उन्हाळ्यात एखादा ड्रायव्हर गर्मी लागली म्हणाला, तर कोण म्हणेल की त्याला दुसरंच काहीतरी सांगायचंय?

पुढचं त्यानंच सांगितलं. रूमवर एकाकडे गावाहून आणलेल्या गोळ्या होत्या. त्या खाल्ल्या, आग थांबली. पण गोळ्या लई गरम पडल्या, तोंड आलं, म्हणून सोडून दिल्या. पुन्हा आग सुरू झाली, पुन्हा दुसऱ्याकडच्या खाल्ल्या.

मॅडमनी खाली येऊन कॉम्प्युटरवर त्याच्या दोन्ही भेटींच्या नोंदी काढल्या. दोन्हीकडे एकच: उष्णतेचा त्रास. लघवी तपासायला घेतलीच नव्हती. म्हणजे आमच्या लॅबच्या लेखी तो माणूस त्या दोन्ही दिवशी आजारीच नव्हता. खुर्चीत मागे टेकून त्या म्हणाल्या, “असे किती असतील, माने?”

“कुणी मोजलं?” माझ्या तोंडून गेलं.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

त्या सिस्टरला त्यांनी बोल लावला नाही. ओपीडीत जाऊन तिच्याशेजारी बसल्या आणि शब्द शिकवला. सिस्टरनं तो मल्याळममध्ये लिहून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवला. तो अजून तिथं आहे. मग मॅडम हिंदी, नेपाळी, तमिळ बोलणाऱ्यांना शोधून विचारत सुटल्या, तुमच्याकडे लघवीच्या आगीला काय म्हणतात? कॅन्टीनमध्ये, जेवणाच्या टेबलावर. लोक ताट उचलून दुसरीकडे बसायला लागले.

त्याच सुमारास प्रश्नावली आली. त्यात विचारलं होतं की रुग्णांकडून येणारी सगळी माहिती गोळा होते का, आणि उपचार तिच्या आधारावर ठरतात का. दरवर्षीचं उत्तर ‘ई’. मॅडमनी ‘सी’ लिहिलं आणि खाली कारण दिलं: बॅगेतून येणारी औषधं मोजली जात नाहीत, पेशंट आपल्या भाषेत सांगतो ते काउंटरवरच हरवतं.

डायरेक्टरांनी बोलावलं. आकडे घेऊन मीही सोबत होतो. डायरेक्टर अरब, शांत माणूस, स्वतः चहा ओतून द्यायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, दुक्तूरा, म्हणजे डॉक्टरबाई, तुमचं खोटं नाही. पण गेल्या वर्षी ‘ई’ आणि यंदा ‘सी’, म्हणजे वर्षभर आपण मागे चालत होतो असाच अर्थ निघेल.

मॅडम म्हणाल्या, “मागे नाही चाललो, दिवा लावला. दिवा लावल्यावर खोली अस्वच्छ दिसते. दिव्यानं ती अस्वच्छ होत नाही.”

डायरेक्टर हसले. म्हणाले, बाकीची सगळी हॉस्पिटलं ‘ई’ लिहिणार. अंधारात बसलेले पास आणि दिवा लावणारा नापास, असंच होणार ना? मग आपणच का? “यल्ला, चला, दुक्तूरा. दिवा पुढच्या वर्षी लावू, इन्शाल्ला.”

मॅडमनी नाही म्हटलं. इतक्या साधेपणानं, की मला वाटलं, झालं, जिंकल्या.

आम्ही उठलो तेव्हा डायरेक्टरांनी दारापर्यंत येऊन ईराची चौकशी केली. बारावी ना? शेवटचं वर्ष फार नाजूक असतं. तुमच्या कॉन्ट्रॅक्टचे कागद माझ्याच टेबलावर आहेत, मी बघतो. धमकी म्हणावी तर माणूस आपुलकीनं विचारत होता. आपुलकी म्हणावी तर ती कॉन्ट्रॅक्टजवळ येऊन थांबली होती.

परतताना लिफ्टमध्ये मॅडम मजल्यांचे आकडे बघत उभ्या होत्या.

त्या आठवड्यात त्यांनी बशांचे वास घेतले नाहीत. एकदा सुधीररावांचा फोन आला, तो त्या बाहेर जाऊन बोलल्या. बुधवारी प्रश्नावली वर गेली. माझ्याकडे प्रत आली ती फायलीत लावण्यासाठी. ‘ई’ होतं. खालचं कारण नव्हतं. सही मॅडमचीच, एरवीसारखी ठसठशीत, खाली दोन रेघा मारलेली. मी प्रत हातात घेऊन उभा राहिलो. मी तोंडावर बोलणारा माणूस आहे, घरीदारी सगळ्यांना माहीत आहे. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी मान वर न करता सांगितलं, “ईराची बारावी आहे, माने.”

मी फाइल लावली. त्यांना दोष देण्याचा हक्क मला नाही. माझ्या बापानं माझ्या शिक्षणासाठी कुणाकुणापुढे मान खाली घातली, ते मला ठाऊक आहे.

ईरा चांगल्या मार्कांनी पास झाली. वर्ष संपताच मॅडमनी स्वतःहून राजीनामा दिला. आता त्या नाशिकला एका कॉलेजात शिकवतात. निरोप-समारंभ झाला, केक कापला, डायरेक्टरांनी त्यांना शाल दिली. त्या दिवशीच्या मॅडम मला नीट आठवत नाहीत. आठवतात त्या आदल्या मे महिन्यातल्या, सही झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी दुपारी.

किसनला डिस्चार्ज होता. जीव वाचला होता, मूत्रपिंड मात्र पूर्वीसारखं राहिलं नव्हतं. गाडी चालवायला अनफिट असा शेरा पडला, आणि कंपनीनं परतीचं तिकीट काढून दिलं होतं. हातात हॉस्पिटलची पिशवी आणि अंगावर कुणाचा तरी ढगळ शर्ट, अशा अवतारात तो लॅबचं दार शोधत आला. लॅबमध्ये बाहेरच्या माणसाला येऊ देत नाहीत, म्हणून मॅडम व्हरांड्यात गेल्या. मी दारात उभा होतो.

तो म्हणाला, तुमच्यामुळं वाचलो. वॉर्डातले डॉक्टर म्हणले, खालच्या मॅडमनी औषध धुंडलं. मग पिशवी खाली ठेवून तो वाकला.

मॅडमनी पाय झटकन मागे घेतले. इतक्या घाईत, की पाठ भिंतीवर आपटली.

“नको,” त्या म्हणाल्या. “माझ्या पाया नका पडू.”

किसन अर्धा वाकलेला तसाच थांबला. त्याला काय वाटलं ते त्याच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ दिसलं. तो चट्कन दोन पावलं मागे सरला आणि हात पाठीमागे नेले. “इसरलोच मी,” तो ओशाळून म्हणाला. “जंतू असतील अजून अंगावर. चुकलं, मॅडम.”

मॅडमनी तोंड उघडलं. तसं नाही, एवढं तरी त्या म्हणतील असं मला वाटलं. पण तसं नाही म्हटलं असतं, तर मग कसं, ते सांगावं लागलं असतं.

व्हरांड्याच्या भिंतीवर हात निर्जंतुक करायची बाटली लावलेली असते. किसन तिच्याकडे गेला. वॉर्डात शिकवलं होतं तसं त्यानं दोन्ही तळहातांवर औषध घेतलं, बोटांच्या फटींत चोळलं, अंगठे चोळले, मनगटापर्यंत नेलं, वाळेपर्यंत हात हवेत धरले. मग पोरं जेवणाआधी दाखवतात तसे दोन्ही तळवे त्यानं मॅडमपुढे धरले.

“आता?” त्यानं विचारलं.

मॅडमच्या मागे भिंत होती. तो वाकला, त्याचं कपाळ त्यांच्या पायांना लागलं, आणि त्या समोरच्या भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या.